गाठोड्यातल्या तुकड्यांना टीप : वडीलधाऱ्यांसाठी शिलाई मशीन निवडताना

जुन्या कपाटाच्या तळाशी बहुतेक घरांत एक गाठोडे असते. त्यात विरलेल्या इरकलीचे काठ असतात, खणाच्या चोळीचा तुकडा असतो, कुणाच्या तरी सदऱ्याची बटणे असतात आणि एखादे पिवळे पडलेले अंतर्देशीय पत्रही असते. या वस्तू टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत. पूर्वी अशा कापडांची गोधडी होत असे. आज कापड, कागद, दोरा आणि रंग एकत्र आणून त्यांचे भिंतीवर लावण्याजोगे चित्र करता येते. यालाच मिश्रमाध्यम कला म्हणतात. मात्र कोणता काठ कुणाच्या लुगड्याचा, हे सांगू शकणारे घरात बहुधा एकच माणूस उरलेले असते. म्हणून हे काम फार दिवस लांबणीवर टाकू नये.

सत्तरी ओलांडलेल्या आईने किंवा वडिलांनी अशी इच्छा बोलून दाखवली, की एक तर ‘आता कशाला हा व्याप?’ असे म्हटले जाते, नाही तर हौसेने पन्नास-साठ प्रकारचे टाके घालणारे महागडे मशीन घरी येते. दोन्हींचा शेवट बहुधा सारखाच होतो : गाठोडे गाठोड्यातच राहते. खरेदीपूर्वी टाक्यांचा तक्ता बाजूला ठेवावा आणि मशीनसमोर बसणाऱ्या व्यक्तीचे डोळे, हात आणि पाय यांचा विचार करावा.

आधी घरातले मशीन पाहावे

आपल्याकडे काळे, लोखंडी, सरळ टीप घालणारे जुने मशीन असेल, तर ते मोडीत काढण्याची घाई करू नये. कापडाचे चार-पाच थर ते सहज शिवते. पट्टा बदलणे, शटलमधला कचरा काढणे आणि तेल देणे एवढ्यावर ते पुष्कळदा पूर्ववत चालू लागते. तेल शिलाई मशीनचेच वापरावे. खोबरेल तेल घट्ट होऊन भाग अडकतात. गुडघे दुखत असतील तर पायटा मारणे कठीण जाते. अशा वेळी त्याच मशीनला छोटी विजेची मोटर बसवून घेता येते. हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

हाताने चाक फिरवून चालवायचे मशीन संथ असते, त्यामुळे कागदावर शिवण्यासाठी आणि नवशिक्या हातांसाठी ते उत्तम. मात्र एक हात चाकावर अडकतो. पक्षाघातानंतर एका हातात अशक्तपणा असेल किंवा खांदा दुखत असेल, तर ते घेऊ नये.

नवे घ्यायचे असेल तर

या कलेला सरळ टीप, झिगझॅग आणि टाक्याची लांबी कमी-जास्त करण्याची सोय एवढे पुरेसे असते. कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेता येत असतील तर फारच चांगले. मग योग्य फूट बसवून कापड मनाजोगे फिरवता येते आणि दोऱ्याने जणू रेघाच काढता येतात. ही सोय प्रत्येक मॉडेलमध्ये नसते, म्हणून ती विचारून घ्यावी. अशी विजेवर चालणारी घरगुती मशीन साधारण दहा ते पंधरा हजार रुपयांच्या टप्प्यात मिळू शकतात. खेळण्यासारखी दिसणारी, अगदी स्वस्त छोटी मशीन जाड थरांवर अडतात. तो पैसा वाचवावा.

दृष्टी मंदावली असेल तर सुईजवळ पांढरा दिवा, दोरा ओवून देणारी खिटी आणि वरून बसणारी बॉबिन पाहावी. पारदर्शक झाकणातून दोरा किती उरला आहे ते दिसते, वाकून चाचपडावे लागत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर पायाखालच्या पॅडलवर किती दाब पडतो हे कळत नाही आणि मशीन अचानक धावते. अशांसाठी बटणाने चालू-बंद होणारे व वेगाला मर्यादा घालता येणारे मशीन थोडे महाग पडले तरी योग्य. मशीन रोज उचलून ठेवायचे असेल, तर वजनही पाहावे.

दुकानात जाताना गाठोड्यातले तुकडे बरोबर न्यावेत. काठाचे चार थर आणि लग्नपत्रिकेचा जाड कागद शिवून पाहावा. दोरा ओवणे आणि बॉबिन बदलणे ही कामे विक्रेत्याने करून दाखवू नयेत. ज्यांना मशीन वापरायचे आहे त्यांनीच ती करून पाहावीत. दुरुस्ती करणारा कारागीर जवळपास आहे का, हेही विचारावे.

कागदावर टीप घालताना

कागदाने सुईची धार लवकर जाते. कापडासाठी 14 किंवा 16 नंबरची चांगली सुई ठेवावी आणि कागदासाठी जुनी सुई वेगळी राखावी. टाका 3 ते 4 मिलिमीटर लांब ठेवावा. बारीक टाक्यांनी कागद टपाल तिकिटाच्या कडेसारखा फाटतो. डिंक लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्यावा, अन्यथा सुई चिकट होते. काम संपल्यावर दात्यांमधला भुगा ब्रशने काढावा. मूळ पत्र कधीही शिवू नये. त्याची छायाप्रत घ्यावी.

काळजी घेणाऱ्यांसाठी

टेबलाची उंची अशी असावी, की खांदे न उचलता कोपर काटकोनात राहतील आणि पावले जमिनीवर टेकतील. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे. टाचण्यांऐवजी चिमटे वापरावेत. बधिर पायाला रुतलेली टाचणी कळत नाही आणि जखम चिघळते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा हात थरथरत असेल, तर सुईभोवती बोटांना संरक्षण देणारी जाळी बसवून घ्यावी. सुई बदलताना मशीनची वीज बंद करावी. विस्मरणाचा आजार असेल तर सोबत बसावे आणि काम संपताच प्लग काढून ठेवावा.

पहिले चित्र तळहाताएवढेच असू द्यावे : एक काठ, एक बटण आणि पत्रातल्या दोन ओळींची प्रत. टीप वाकडी गेली तरी ती उसवू नये. चित्र पुरे झाले, की त्याच्या पाठीवर सुती पट्टी शिवावी आणि हा काठ कुणाच्या लुगड्याचा, ते बटण कुणाच्या सदऱ्याचे, हे आई सांगेल तसे तिच्यावर पक्क्या शाईने लिहून ठेवावे.