विश्लेषण : दारातल्या सावलीसाठी करंज का लावावा? आणि लावलेले रोप मरते कशामुळे?

जुलैत वाजतगाजत लावलेली रोपे पुढच्या मे महिन्यात शोधायला गेलात, तर बऱ्याच ठिकाणी नुसता लोखंडी पिंजरा उभा दिसतो. जातीची निवड चुकली, असे प्रत्येक वेळी नसते. बहुतेकदा पाणी चुकलेले असते. तरीही जात काटक असेल तर आपल्या चुका थोड्याफार पोटात घेते. करंज हे तसे झाड आहे.

करंजच का?

करंज मूळचा आपल्याकडचा. नदीनाल्यांच्या काठी, खाडीकिनारी तो आपोआप वाढतो. त्यामुळे मुळाशी काही दिवस पाणी साचले तरी तो तग धरतो, खारवट जमीन सोसतो आणि एकदा मुळे खोल गेली की पाण्याचा ताणही सहन करतो. तो शेंगवर्गीय आहे. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत धरतात, त्यामुळे हलक्या जमिनीतही त्याचे भागते.

रस्त्याकडेला आपण हौसेने गुलमोहर लावला. फुलतो सुरेख, पण मूळचा मादागास्करचा हा वृक्ष लाकडाने ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोटारींवर कोसळतात. सावलीसाठी करंज उजवा.

पण त्याची पाने गळतात ना?

गळतात, आणि इथेच अनेकांचा गैरसमज होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड काही दिवस उघडे पडते. पाने टाकली की पाण्याचा खर्च कमी होतो, एवढाच त्यामागचा हिशेब. लवकरच कोवळी, तकतकीत पालवी फुटते आणि ऐन उन्हाळ्यात गर्द सावली तयार असते. हिवाळ्याअखेरीस ऊन हवेसे असते तेव्हा ते अंगणात येते, नकोसे होते तेव्हा अडते. पहिल्या वर्षीचे रोप निष्पर्ण दिसले म्हणून उपटू नका. खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर रोप जिवंत आहे.

लावावे कधी, कसे?

चांगले दोन-तीन पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजल्यावर. भिंतीपासून निदान १२ ते १५ फूट अंतर ठेवा आणि वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी पाहा. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. मुरमाड जागी थोडा मोठा घ्या. निघालेल्या मातीतच कुजलेले शेणखत मिसळून भरा.

रोपवाटिकेतून उंच रोप आणण्याचा मोह होतो. त्याऐवजी पिशवीचा तळ पाहा. मुळांनी आत वेटोळे घातले असेल तर ते रोप नको. लावताना प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा (ती तशीच पुरलेली रोपे आजही सापडतात). पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा, खोड त्याहून खोल गाडू नका. आधाराला बांबू द्या, पण सुतळी सैल बांधा.

बी मिळाले तर काम फुकटात होते. शेंगेत बहुधा एकच चपटे बी असते. ताजे बी पिशवीत पेरले की साधारण दोन आठवड्यांत उगवते. हे बी कडू आणि खाण्यास अयोग्य असते, लहान मुलांना ते देऊ नका.

पाणी किती द्यायचे?

रोज तांब्याभर पाणी ओतणे सर्वांत वाईट. त्याने वरची दोन बोटे माती भिजते, मुळे वरच घुटमळतात आणि उन्हाळ्यात होरपळतात. पावसाळा सरल्यावर आठवड्यातून एक-दोनदा १५ ते २० लिटर पाणी सावकाश मुरू द्या. आळे खोडाला चिकटून नको. दरवर्षी ते बाहेर सरकवा. आळ्यात वाळलेला पालापाचोळा अंथरा, फक्त खोडापासून चार बोटे दूर. खरी कसोटी दुसऱ्या उन्हाळ्याची. पहिल्या वर्षीचा उत्साह तोवर ओसरलेला असतो आणि मुळे अजून खोल गेलेली नसतात. तिसऱ्या वर्षानंतर पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात.

पानांवर फोड आले तर?

करंजाच्या पानांवर बारीक गाठी येतात. त्या सूक्ष्म कोळीमुळे होतात. दिसायला वाईट, पण झाड सहसा त्याने मरत नाही. फवारणीच्या मागे लागू नका.

छाटणी आणि काँक्रीट

करंज खालूनच पसरतो. वाट मोकळी हवी असेल तर खालच्या फांद्या दरवर्षी एक-दोन अशा काढा. एकदम सोलून काढले तर खोड कमजोर राहते. पिंजरा वेळेत काढला नाही तर खोड त्यातच रुतते. पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट तर मुळांचा श्वासच कोंडतात. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचे आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिले होते. आपल्या सोसायटीत त्यासाठी आदेशाची गरज नाही, पहारीने काम भागते. मोठे झालेले झाड तोडायचे झाल्यास मात्र शहरी भागात १९७५ च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड तुम्ही स्वतः लावलेले असले तरी.