परदेशी जाणाऱ्या मुलाचा नेम

दहावीचा निकाल लागला की आज अनेक व्यापारी घरांत परदेशी शिक्षणाची चर्चा सुरू होते. शुल्क, वसतिगृह, व्हिसा यांची चौकशी वडील करतात. आईच्या मनात मात्र वेगळीच काळजी असते: तिकडे मूल खाईल काय आणि वागेल कसे? हाच प्रश्न १८८८ साली राजकोटच्या एका वणिक घरात उभा राहिला होता. विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊ पाहणारा तो मुलगा म्हणजे अठरा वर्षांचे मोहनदास गांधी.

आई पुतळीबाईंचे मन तयार होईना. तेव्हा घरचे सल्लागार बेचरजी स्वामी यांनी मार्ग काढला. ते मूळचे मोढ वणिक. पुढे जैन साधू झालेले. मद्य, मांस आणि परस्त्रीसंग यांपासून दूर राहण्याचा नियम त्यांनी मोहनदासांना दिला आणि आईने अनुमती दिली. मुंबईत ज्ञातीच्या पंचांनी त्यांना जातीबाहेर टाकले. निरोप द्यायला जाणाऱ्यास सव्वा रुपया दंडही ठरवला. तरीही ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते बोटीने निघाले.

लंडनमधील पहिले दिवस अर्धपोटी गेले. उकडलेल्या अळणी भाज्या घशाखाली उतरत नसत आणि पावाचा आणखी एक तुकडा मागण्याचा संकोच वाटे. मांस खाल्ल्याशिवाय येथे निभाव लागणार नाही, असे एक मित्र वारंवार बजावत असे. त्याच्या युक्तिवादाला मोहनदासांकडे उत्तर नव्हते. आईला दिलेला शब्द मोडणार नाही, एवढेच ते सांगू शकत. मांसाहार वाईट आहे, असे तेव्हा त्यांना स्वतःलाही वाटत नव्हते.

फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथे पोटभर जेवण तर मिळालेच, शिवाय हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तकही मिळाले. एक शिलिंग देऊन घेतलेले ते पुस्तक त्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचले. त्या दिवसापासून आपण स्वतःच्या विचाराने शाकाहारी झालो, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. आईसाठी पाळलेला नियम आता त्यांचा स्वतःचा झाला.

या वाटेवर पाय घसरलाही. मांसाच्या व्याख्येत अंडे येत नाही, असे मानणारे शाकाहारी तेथे होते. त्यांच्या मतानुसार मोहनदासांनी काही काळ अंडी घेतली. पण नियम देणाऱ्या आईच्या मनात जो अर्थ होता तोच खरा, हे उमगताच त्यांनी ती सोडली. अंडी घातलेले गोड पदार्थही त्यांबरोबर सुटले. अतिचार ओळखून मागे फिरणे जैन घरांना नवे नाही. येथे एक तरुण कोणीही पाहत नसताना ते करत होता.

खर्चाच्या बाबतीतही असेच घडले. साहेबी दिसण्याच्या हौसेपायी बॉन्ड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवला गेला, एकोणीस शिलिंगांची रेशमी हॅट आली, नृत्य व व्हायोलिन यांची शिकवणीही लागली. सुमारे तीन महिन्यांत हा मोह ओसरला. बसभाडे आणि टपालखर्चासह पै-पैचा हिशेब ते आधीपासूनच लिहीत आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवत. त्या वहीकडे बारकाईने पाहून त्यांनी खर्च निम्मा करण्याचे ठरवले. पुढे ते एका खोलीत राहू लागले, सकाळी ओटची लापशी स्वतः शिजवू लागले, रोज आठ-दहा मैल पायी चालू लागले. जेवणखाण दिवसाला सव्वा शिलिंगात भागू लागले. थोरल्या भावाच्या कमाईवर आपण शिकतो आहोत, ही जाणीव या काटकसरीमागे होती.

१८९१ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबई बंदरात उतरले. नेम पाळल्याचे आईला सांगण्याची केवढी ओढ होती! पण पुतळीबाई त्यापूर्वीच निवर्तल्या होत्या. परमुलखात धक्का बसू नये म्हणून भावाने ही वार्ता कळवली नव्हती. मुंबईतील त्याच मुक्कामात त्यांची जवाहिऱ्याचा व्यवसाय करणाऱ्या रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. पुढे धर्मविषयक शंका ते त्यांनाच विचारत राहिले.

आज मुले याहून कोवळ्या वयात दूर जातात. निरोपाच्या दिवशी त्यांना पच्चक्खाण देणे सोपे असते. पण ते कशासाठी घ्यायचे, याची मोकळी चर्चा त्याआधीच घरात व्हायला हवी. मोहनदासांना ते कारण एका परक्या शहरात, एका उपाहारगृहात योगायोगाने सापडले. आपल्या मुलांना ते घरातच मिळाले तर वसतिगृहातल्या पहिल्या जेवणाच्या वेळी त्यांच्याजवळ आईच्या शब्दाइतकेच स्वतःचे उत्तरही असेल.