राखलेले तळे व टाकून दिलेले तळे
मत्स्यसंवर्धन, डासांचा बंदोबस्त आणि भागधारकांचा निर्णय

गावच्या तळ्याकडे निरनिराळी माणसे निरनिराळ्या दृष्टीने पाहतात. मत्स्यव्यवसायिकास त्यात मासळी दिसते, आरोग्य कार्यकर्त्यास डासांच्या अळ्या दिसतात आणि सहकारी संस्थेच्या भागधारकास वर्षअखेरीचा लाभांश दिसतो. पाणी मात्र एकच असते. तळे नीट राखले तर या तिघांचेही हिशेब जुळतात; ते टाकून दिले तर तिन्ही हिशेब एकदमच बिघडतात. म्हणून तळ्यावर किती खर्च करावा हा प्रश्न केवळ संस्थेच्या जमाखर्चाचा नसून साऱ्या गावाच्या आरोग्याचा आहे.

डास कोठे वाढतात?

डासाची मादी पाण्यावर किंवा पाण्यालगत अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीपासून कोष व कोषापासून डास अशी त्याची वाढ होते. उष्ण हवेत हा क्रम साधारणपणे सात ते दहा दिवसांत पुरा होतो. याचा अर्थ असा की, आठवड्यातून एकदा जरी अळ्यांचा नाश झाला तरी नवीन डास बाहेर पडण्यास वाव राहत नाही.

सर्व डास एकाच प्रकारच्या पाण्यात वाढत नाहीत, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. हिवतापाचा प्रसार करणारे ॲनाफिलीस डास बहुधा स्वच्छ पाण्यात, म्हणजे तळ्याच्या उथळ काठाशी, ओढ्यांच्या डबक्यांत, विहिरींत व भातखाचरांत वाढतात. हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्युलेक्स डास गटारांचे व घाण पाणी पसंत करतात. डेंग्यू व चिकुनगुनिया पसरविणारे एडिस डास घरातील रांजण, टाक्या, फुटके डबे व टाकून दिलेले टायर यांत साठलेल्या पाण्यात वाढतात. तळ्यातील माशांचा मुख्य उपयोग पहिल्या प्रकारच्या डासांविरुद्ध होतो. तळ्यात मासे सोडले म्हणून घरातील रांजण कोरडा करण्याचे काम टळत नाही.

अळ्या ओळखणे कठीण नाही. ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागास समांतर पडून राहते. क्युलेक्सची अळी शेपटीकडील श्वासनलिका वर करून तिरपी लोंबकळते. पांढऱ्या ओगराळ्यात काठचे पाणी घेऊन उजेडात पाहिल्यास त्या स्पष्ट दिसतात.

कोणते मासे अळ्या खातात?

मत्स्यशेतीसाठी आपल्याकडे मुख्यतः कटला, रोहू व मृगळ या जाती घेतल्या जातात. कटला वरच्या थरातील, रोहू मधल्या थरातील व मृगळ तळाजवळील अन्न खातो. यामुळे तळ्यातील सर्व अन्नाचा उपयोग होतो. परंतु हे मासे मोठे झाल्यावर डासांच्या अळ्यांवर फारसे अवलंबून राहत नाहीत. म्हणून केवळ कटला-रोहू सोडल्याने डास नाहीसे होतील असे समजणे बरोबर नाही.

अळ्या खाण्यासाठी गप्पी हा लहान मासा उपयुक्त ठरला आहे. पूर्ण वाढ झालेला एक गप्पी मासा दिवसास ८० ते १०० अळ्या खातो असे मानले जाते. तो अंडी न घालता थेट पिले देतो, त्यामुळे त्याची संख्या लवकर वाढते. काहीशा गढूळ व दूषित पाण्यातही तो तग धरतो. गंबुशिया हा दुसरा अळीभक्षक मासा १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणण्यात आला. तो अधिक खादाड आहे. परंतु इतर माशांची अंडी व पिलेही खातो. यास्तव नद्या, नाले व मोठे नैसर्गिक जलाशय यांत तो सोडू नये.

गप्पी व खाद्य मासे एकाच तळ्यात राहू शकतात. मात्र एक दक्षता घ्यावी. अगदी लहान मत्स्यजिरे सोडलेल्या तळ्यात गप्पी असल्यास अन्नासाठी चढाओढ लागते. म्हणून अशा तळ्यात जिरे न सोडता बोटुकली, म्हणजे बोटाएवढे वाढलेले बीज, सोडावे.

माशांइतकेच महत्त्व काठाच्या स्वच्छतेस आहे. काठावर गवत, पाणकणीस, जलपर्णी किंवा बेशरम माजले की अळ्यांना आडोसा मिळतो व मासे त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. काठ साफ व थोडा उभा असल्यास वाऱ्याच्या लाटा तेथे पोहोचतात, मासे फिरतात आणि अळ्यांना निवांत जागा उरत नाही.

केनियातील प्रयोगाचा बोध

या विषयात आफ्रिकेतील केनिया देशात झालेले संशोधन विशेष उद्बोधक आहे. त्या देशाच्या पश्चिमेकडील किसी या डोंगराळ भागात शेतकऱ्यांनी मत्स्यपालनासाठी लहान तळी खोदली होती. पुढे त्यांपैकी अनेक तळी वापराविना पडून राहिली. संशोधकांनी अशा पडीक तळ्यांत नाईल तिलापिया जातीचे मासे सोडले आणि मासे नसलेल्या तळ्याशी त्यांची तुलना केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पंधरा आठवड्यांनंतर हिवताप पसरविणाऱ्या दोन प्रमुख जातींच्या डासांच्या अळ्या ९४ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. इतर डासांच्या अळ्याही ७५ टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. प्रयोग लहान होता व त्याचे निष्कर्ष प्राथमिक म्हणूनच मांडले गेले. तथापि त्यांची दिशा स्पष्ट होती.

याच भागातील दुसऱ्या पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मासे राखलेल्या तळ्यांपेक्षा टाकून दिलेल्या तळ्यांत हिवतापाचे डास अधिक वाढतात, असे तीत दिसून आले. म्हणजे तळे खोदणे हे अर्धेच काम होय. खोदलेले तळे पुढे राखले नाही, तर जेथे पूर्वी डासांना जागा नव्हती तेथे ती नव्याने करून दिल्यासारखे होते.

या प्रयोगावरून आपल्या तळ्यांत तिलापिया सोडण्याची घाई मात्र कोणी करू नये. तो मासा झपाट्याने वाढतो व देशी जातींस मारक ठरू शकतो. भारतात त्याचे संवर्धन ठरवून दिलेल्या अटींनुसार व परवानगीनेच करावयाचे असते. केनियापासून घ्यावयाचा धडा माशाच्या जातीचा नसून तळे राखण्याचा आहे.

खेडा जिल्ह्यातील अनुभव

शेजारच्या गुजरात राज्यातील अनुभव आपल्या परिस्थितीस अधिक जवळचा आहे. तेथील हिवतापाचे डास डी.डी.टी. व इतर कीटकनाशकांना दाद देईनासे झाले होते. तेव्हा डॉ. वि. प्र. शर्मा यांच्या नेतृत्वाखालील हिवताप संशोधन केंद्राने १९८३ मध्ये खेडा जिल्ह्यातील नडियाद तालुक्यात वेगळ्या मार्गाने काम हाती घेतले. खड्डे बुजविणे, साठलेल्या पाण्यास वाट करून देणे, गप्पी मासे सोडणे, तापाचे रुग्ण शोधून त्यांवर उपचार करणे आणि लोकशिक्षण अशी या कामाची अंगे होती. गावतळ्यांतील खाद्य माशांच्या उत्पादनाचीही जोड या कामास देण्यात आली. डासांसाठी केलेला खर्च कोणासही परत मिळत नाही. मासळी मात्र विकली जाते. तळ्यापासून उत्पन्न मिळू लागले की तळे राखण्यात गावाचा स्वार्थ निर्माण होतो, हेच या जोडीचे मर्म होय.

भागधारकांचा हिशेब

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे मालगुजारी तलाव व बोड्या यांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांतील अनेक तलावांत ढीवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. गडचिरोली जिल्ह्यास हिवतापाचा त्रासही दीर्घकाळ होत आलेला आहे. अशा ठिकाणी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत होणाऱ्या निर्णयाचे परिणाम सभासदांपुरते मर्यादित राहत नाहीत.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याप्रमाणे प्रत्येक सभासदास, त्याचे भाग कितीही असोत, एकच मत असते. निव्वळ नफ्यापैकी किमान एक चतुर्थांश रक्कम राखीव निधीत टाकावी लागते. निबंधकाच्या पूर्वमान्यतेशिवाय १५ टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संस्थेचे ६० सभासद असून प्रत्येकाचे भाग ५०० रुपयांचे आहेत. म्हणजे भागभांडवल ३०,००० रुपये झाले. वर्षाचा निव्वळ नफा ४८,००० रुपये आहे. त्यातून १२,००० रुपये राखीव निधीत गेले व १५ टक्के दराने ४,५०० रुपये लाभांश दिला, तर ३१,५०० रुपये उरतात. किरकोळ निधी व वर्गण्या येथे सोडून दिल्या आहेत.

खरा प्रश्न या उरलेल्या रकमेचा असतो. उपविधींनुसार ती सभासदांत वाटता येत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्यास ५२५ रुपये येतील. ही रक्कम मजुराच्या सुमारे दोन दिवसांच्या मजुरीएवढी आहे. घरात एकास हिवताप झाला तर त्याहून अधिक दिवस बुडतात. उलट, हीच रक्कम काठ साफ करणे, पाळीची दुरुस्ती व चांगली बोटुकली यांवर खर्च केली, तर पुढील वर्षीची मासळी सुरक्षित होते. काही वर्षे सर्व पैसा वाटून टाकल्यास बेशरम व गाळ वाढतो, उत्पादन घटते, ठेक्याची रक्कम अंगावर येते आणि शेवटी संस्था तळे सोडून देते. तेथून केनियातील पडीक तळ्यांची कथा आपल्या गावात सुरू होते.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. तळे टाकून दिल्याने होणारा तोटा संस्थेच्या नफा-तोटा पत्रकात पूर्णपणे दिसत नाही. मासळी कमी झाली एवढेच तेथे नोंदले जाते. ताप, औषधपाणी व बुडालेली मजुरी यांची नोंद घरोघर होते आणि ती ज्यांच्याकडे एकही भाग नाही अशांच्या घरीही होते. त्याचप्रमाणे तळे राखल्याचा लाभही साऱ्या गावास मिळतो. म्हणून काठाच्या स्वच्छतेचा सगळा भार मूठभर भागधारकांवर टाकणे न्याय्य नाही. ग्रामपंचायतीने त्यात आपला वाटा उचलावा, श्रमदानाची जोड द्यावी आणि तळे ठेक्याने देताना काठ साफ ठेवण्याची अट करारात घालावी. दोन्ही पक्षांनी भार वाटून घेतल्यास कोणासही तो जड होणार नाही.

वर्षाचे काम कसे आखावे?

सर्वसाधारण सभा बहुधा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. त्या सुमारास डासांचा हंगाम चालू झालेला असतो. म्हणून खर्चाची तरतूद आदल्या सभेतच करून ठेवावी आणि पुढील क्रमाने काम करावे.

१. उन्हाळ्यात पाणी कमी असताना काठावरील बेशरम, पाणकणीस व गवत मुळासकट काढावे. काठालगतचे खड्डे बुजवावेत.

२. बोडी आटणारी असल्यास गप्पी मासे विहिरीत किंवा सिमेंटच्या टाकीत जपून ठेवावेत. ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीनेही मिळविता येतात.

३. पावसाने तळे भरल्यावर गप्पी व बोटुकली सोडावी. मिश्र शेतीत कटला चार, रोहू तीन व मृगळ तीन असे प्रमाण ठेवण्याची पद्धत आहे. हेक्टरी सुमारे ५,००० बोटुकली पुरे होतात. सांडव्यास जाळी बसवावी.

४. जुलै ते नोव्हेंबर या काळात दर आठवड्यास काठावर दहा ठिकाणी ओगराळ्याने पाणी घेऊन अळ्या मोजाव्यात व आकडे वहीत लिहावेत. अळ्या वाढल्यास त्या जागचे गवत प्रथम काढावे.

५. मासे असलेल्या तळ्यात कीटकनाशक किंवा तेल टाकू नये. शेतात फवारणी केल्यावर पंप व भांडी तळ्यात धुऊ नयेत.

६. ताप आल्यास रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी व डॉक्टरांनी सांगितलेला औषधांचा क्रम पुरा करावा. मासे डास कमी करतात. ते ताप बरा करीत नाहीत.

ग्राम कार्यकर्त्यांनी अळ्यांची ही वही संस्थेच्या सभेत जमाखर्चाच्या वहीशेजारी ठेवावी. मासळी किती निघाली, खर्च किती झाला आणि अळ्या किती घटल्या हे तीन आकडे एकत्र वाचले गेले, म्हणजे तळ्यावर खर्च केलेला रुपया कोठे जातो हे सभासदांस आपोआप कळेल. लाभांश वर्षातून एकदा हाती पडतो. राखलेल्या तळ्याचा लाभ मात्र पावसाळ्याच्या प्रत्येक रात्री गावाच्या पदरी पडत असतो.