एका बोटाचा कोमल गंधार

साठी उलटल्यावर नव्याने एखादे वाद्य हाती घ्यावे काय, असे कोणी विचारले तर मी युकुलेलेचे नाव सुचवीन. चार तारांचे हे इवलेसे वाद्य. १८७९ साली मदैरा बेटावरून उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी हवाईला गेलेल्या पोर्तुगीजांनी सोबत नेलेल्या लहान तंतुवाद्यांपासून ते घडले.

खरेदीपूर्वी आपल्या घरांत एक चौकशी अवश्य व्हावी. पूर्वी याच्या तारा जनावरांच्या आतड्यांपासून करीत. आज त्या बहुधा नायलॉनच्या असतात. महागड्या वाद्यांची घोडी मात्र कधी हाडाची असते, नक्षी शिंपल्याची असते. दुकानदारास स्पष्ट विचारावे. प्लॅस्टिकची घोडी असलेले साधे वाद्य शिकणाऱ्यास पुरते.

वसई–दिवा मार्गावरील आमच्या खारबावहून गाडीच्या वेळा सांभाळत क्लास गाठणे या वयात कठीण. नात जूनमध्ये शिक्षणासाठी पुण्यास जाणार. तत्पूर्वी तिच्या एका स्तवनाला आजोबांनी साथ करावी, हा तिचा हट्ट. तेवढ्यासाठी मायनर कॉर्ड पुरेशी आहे, आणि घरात पेटी असेल तर ती समजणे सोपे.

वाद्य छातीशी धरले असता हनुवटीकडून खाली तारा अनुक्रमे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन व पांढरी सहा या सुरांत लावतात. हनुवटीकडील तारेवर, दुसऱ्या पडद्याच्या किंचित अलीकडे, डाव्या हाताचे मधले बोट टेकवावे. एवढेच! पाचाचा सूर सहावर जातो आणि चारही तारा छेडल्या की 'ए मायनर' उमटते. पांढरी सहा षड्ज मानल्यास हे षड्ज, कोमल गंधार आणि पंचम झाले. भीमपलासी ऐकलेल्या कानाला तो गंधार लगेच ओळखू येतो.

रोजमेळ मिळवणाऱ्यांना आवडेल अशी सोय म्हणजे येथे ताळाही पाहता येतो. दोन्ही कडेच्या तारा आता अगदी एकाच सुरात बोलल्या पाहिजेत. न बोलल्या तर तार उतरली आहे किंवा बोट पडद्यापासून दूर आहे. बोटाला वळ उमटतो, पण गिटारच्या पोलादी तारांइतका नव्हे. दिवसातून दोनदा दहा मिनिटे पुरतात.

नात पांढरी सहातच गाते. स्तवनाची चाल शुद्ध गंधाराची असेल तर मात्र ही कॉर्ड गाण्याशी भांडते. तेव्हा दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर तर्जनी टेकवावी. पांढरी एकची काळी एक होते आणि मायनरची मेजर.