खारपाणपट्ट्यातला समुद्र

वऱ्हाडाला समुद्र नाही, पण खारे पाणी भरपूर आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, भातकुली-दर्यापूरपासून अकोट, तेल्हारा, शेगावपर्यंत जो पट्टा पसरला आहे त्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून त्याचे क्षेत्र सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर, आणि सरकारी कागदांत गावांची संख्या ८९४. येथे फार पूर्वी समुद्र होता आणि तो आटून मीठ मागे राहिले, असे जुनी माणसे सांगतात. गोष्ट ऐकायला चांगली आहे, पण पूर्णेच्या खोऱ्यात साचलेला शेकडो मीटर जाडीचा गाळ नदीचा आहे. खडक झिजून सुटलेले क्षार पाण्याबरोबर येथे आले, चिकण मातीतून त्यांचा निचरा झाला नाही, आणि कडक उन्हाने पाणी उडून क्षार तेवढे राहिले. एके काळी या खोऱ्यातल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढत असत. रेल्वेने मुंबईचे स्वच्छ मीठ येऊ लागले, तसा तो धंदा बसला.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे अलीकडे वारंवार कानावर येणारा एक प्रश्न. मोबाईलच्या पडद्यावर निळ्या उजेडात डोलणारी पोवळी आणि नारिंगी-पांढरे विदूषक मासे पाहून ज्यांना घरी समुद्री मत्स्यालय ठेवावेसे वाटते, असे तरुण मला भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : ‘आपल्या बोअरचं पाणी खारंच आहे ना काका, मग तेच वापरलं तर?’ प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याच्या उत्तरात या छंदाचे अर्धे शास्त्र येते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला ५०० मिलिग्रॅम ही योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा घातली आहे. खारपाणपट्ट्यातल्या पुष्कळ विहिरी आणि कूपनलिका ही शेवटची मर्यादा ओलांडतात, म्हणून त्यांचे पाणी माणसाच्या तोंडी लागत नाही आणि पिकाच्या मुळालाही मानवत नाही. पण समुद्राशी तुलना केली तर ते फिकेच. शिवाय प्रश्न एकूण खारटपणाचा नसून प्रमाणांचा आहे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांचे पाणी गोळा केले आणि विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने त्यांतले ७७ नमुने तपासून १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. किलोमागे क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम पावणेअकरा, सल्फेट पावणेतीन, मॅग्नेशियम सव्वा, आणि कॅल्शियम अवघे ०.४ ग्रॅम. पोवळ्याचे शरीर याच प्रमाणाला सरावलेले आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट वेगळ्याच हिशेबाने असते, भर म्हणून नायट्रेटही असते. लोणारचे सरोवर तर याहून वेगळे. ते खारट आहे त्यापेक्षा अल्कधर्मी जास्त आहे, आणि २०२० च्या जून महिन्यात ते गुलाबी झाले ते तिथल्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. खारे म्हणजे समुद्री नव्हे, एवढे लक्षात आले की पुढची वाट सोपी होते : आधी पाण्यातले सगळे क्षार काढायचे आणि मग समुद्राच्या प्रमाणात तयार केलेले मीठ त्यात मिसळायचे.

कृत्रिम समुद्राची कल्पना जुनी आहे. ॲना थिन या इंग्रज बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी लंडनच्या घरी आणली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जाई. हे काम घरातली मोलकरीण करी. पोवळी जगली याचे निम्मे श्रेय तिचे, पण तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. पुढे फिलिप गॉस याने चार क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी करण्याची कृती दिली. आज तयार मिश्रणाची पिशवी मिळते. शंभर लिटरला साडेतीन ते चार किलो मीठ लागते आणि पंचवीस अंश तापमानाला पाण्याची सापेक्ष घनता १.०२६ च्या आसपास आली की प्रमाण जमले. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही, कारण ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असते.

शुद्ध पाण्याचा पहिला मार्ग म्हणजे आरओ. अकोल्याला काटेपूर्णेचे, अमरावतीला अप्पर वर्ध्याचे पाणी येते. ते पिण्याला उत्तम, पण पोवळ्याच्या दृष्टीने त्यातही विरघळलेले क्षार आणि क्लोरीन असते. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, हे सर्वांना ठाऊक आहे. आता हिशेब करू. शंभर लिटरच्या टाकीतले दहा टक्के पाणी दर आठवड्याला बदलायचे, म्हणजे दहा लिटर. उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर उडून जाणार, म्हणजे आठवड्याचे वीस. तीस लिटर शुद्ध पाण्यामागे साठ ते नव्वद लिटर वाया. नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या गावात हे बरे दिसत नाही. वाया जाणारे पाणी लादी पुसायला, भांड्यांना वापरता येते. कुलरमध्ये मात्र ते घालू नये, जाळ्यांवर पांढरी खपली धरते.

दुसरा मार्ग पावसाचा, आणि वऱ्हाडात मला तोच अधिक पटतो. पावसाचे पाणी म्हणजे निसर्गाने गाळून दिलेले जवळपास क्षारहीन पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. दहा चौरस मीटरच्या स्वच्छ गच्चीवर तो आठ हजार लिटरच्या घरात जातो, आणि निम्मा जरी धरला तरी शंभर लिटरच्या टाकीचे वर्ष निघून पाणी उरते. दोन-तीन पाऊस वाहू द्यावेत, मग उन्हाआड झाकून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी घ्यावे. जस्ताच्या पत्र्यावरून आलेले पाणी नको आणि तांब्याची तोटी तर मुळीच नको. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण आरोग्याचे मानतो, पण पोवळी, कोळंबी, गोगलगाय यांना अगदी थोडे तांबेही विष आहे. स्वस्तातल्या टीडीएस मीटरवर दहा-वीसच्या आत आकडा आला की पाणी घ्यायला हरकत नाही.

उन्हाळ्याचे काय, हा दुसरा मोठा प्रश्न. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचे कलम लावावे लागले होते. पोवळ्याला २४ ते २७ अंश सोयीचे. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी एखादाच अंश वर गेले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर पोवळ्याच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारे एकपेशीय शैवाल बाहेर फेकले जाते आणि पोवळे पांढरे पडते. खऱ्या समुद्रात हेच चालले आहे. जगभरची अशी चौथी मोठी लाट आल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. अकोल्याच्या बंद खोलीत हे दोन दुपारींत घडू शकते.

पण येथे वऱ्हाडाला एक गोष्ट अनुकूल आहे, तिचा विचार मुंबई-पुण्याच्या सल्ल्यांत आढळत नाही. आपला मे कोरडा असतो. वाळ्याच्या ताट्या आणि कुलर ज्या तत्त्वावर चालतात, त्याच तत्त्वावर टाकीच्या पृष्ठभागावर तिरपा लावलेला साधा पंखा चालतो. एक लिटर पाणी वाफ होताना इतकी उष्णता घेऊन जाते की शंभर लिटर पाणी हिशेबाने पाच-सहा अंशांनी उतरावे. भोवतालची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात एवढे उतरत नाही, पण दमट मुंबईत जो पंखा नावाला चालतो तो अकोल्यात खरेच काम करतो. महागडे चिलर घेण्याआधी हे करून पाहावे. चिलर टाकीतली उष्णता खोलीतच सोडतो, म्हणजे माणसांनी सोसायची. पाऊस लागला की हवा दमट होते आणि पंख्याचा जोर ओसरतो, पण तोवर तापमानही खाली आलेले असते.

वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहते. शंभरातले तीन लिटर उडाले की ३५ चा आकडा ३६ च्या पुढे जातो. म्हणून रोज भर घालायची ती गोड्या, शुद्ध पाण्याची. खारपाणपट्टा कसा झाला हे ज्याला पाहायचे असेल त्याने चार दिवस भर न घालता काचेवर उमटणारी पांढरी रेघ पाहावी.

टाकी भरली म्हणून मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. कपाशीला युरिया दिल्यावर मातीत जे होते तेच हे. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपला काळा दगड फार घट्ट, त्यात त्यांना जागा नाही. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड मिळतात ते घ्यावेत. पाण्यावर हवेच्या बारीक बुडबुड्यांनी फेस आणून तो काढून टाकणारे यंत्रही असते. वरण उकळताना वर आलेला फेस आपण पळीने काढतो तसाच हा प्रकार, आणि तो खाऱ्या पाण्यातच नीट साधतो. वीज गेली की पहिला धोका प्राणवायूचा. घरच्या इन्व्हर्टरवर निदान हवेचा छोटा पंप जोडलेला असावा.

चुन्याची गोष्ट मला फार आवडते. कठीण सांगाडा बांधणारे जीव, अगदी काचेवर गुलाबी थर धरणारे शैवालसुद्धा, पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत वापरत असतात. ते भरून काढायला युरोपातल्या शौकिनांनी जो उपाय रूढ केला तो म्हणजे आपली चुन्याची निवळी. शुद्ध पाण्यात चुना ढवळायचा, खाली बसू द्यायचा, वरचे नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचे. निवळीचा सामू बाराच्या वर असतो. एकदम ओतली तर मासे मरतील. पानाचा चुना वापरू नये, त्यात काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसतो.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी कठीण, भित्ती बांधणारी पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी, ऑर्गन पाइप पोवळे आणि समुद्रपंखे आहेत. म्हणजे वाघाच्याच यादीत. समुद्रघोडेही संरक्षित आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतरही पोवळी पहिल्याच अनुसूचीत राहिली. शिक्षा किमान तीन ते कमाल सात वर्षे आणि पंचवीस हजारांहून कमी नाही इतका दंड. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या पोवळ्यांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महानगरपालिकेलाही आधी परवानगी घ्यावी लागली. ‘जिवंत दगड’ म्हणून विकला जाणारा समुद्रातला दगडही बहुधा मेलेल्या पोवळ्याचा सांगाडाच असतो. दुकानदार ‘चालतं साहेब’ म्हणतो, पण वन खात्याचे लोक आले तर ते दुकानदाराच्याच नव्हे, आपल्याही दारात येतील.

कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी माझे मत तेच आहे. मालवणच्या किनाऱ्यावर आणि कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या आंग्रिया बँकेवर महाराष्ट्राची थोडीशी पोवळी उरली आहेत. त्यांतला एक तुकडाही अकोल्यातल्या बैठकीच्या खोलीसाठी तुटू नये. विदूषक माशाची पैदास केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने देशातच साधली आहे. अशा, टाकीत जन्मलेल्या माशांची जोडी, आणि पहिल्या अनुसूचीत नाव नसलेले, टाकीतच वाढवलेले मऊ जीव एवढ्यावर सुंदर मत्स्यालय होते. बिल मात्र मागावे आणि जपून ठेवावे.

राहिले बदललेले खारे पाणी. आठवड्याला दहा लिटर म्हणजे ३५० ग्रॅम मीठ, वर्षाला अठरा किलो. हे पाणी परसात, झाडाच्या बुंध्याशी किंवा घराशेजारच्या वावरात ओतू नये. सोडियमने चिकटलेली काळी माती पाणी खाली जाऊ देत नाही आणि ती सुधारायला जिप्सम टाकून वर्षे घालवावी लागतात, हे दर्यापूरच्या शेतकऱ्याला विचारावे. गटाराला जोडलेल्या मोरीतच ते सोडावे.

सुरुवात दिवाळीनंतर करणे चांगले. नोव्हेंबर-डिसेंबरात जिवाणू वसतील, थंडीच्या रात्रींसाठी एक हीटर लागेल, आणि मे येईपर्यंत टाकी चार-पाच महिन्यांची मुरलेली असेल. पहिले वर्ष आरओवर काढावे लागेल. गच्चीवरची टाकी मात्र मे संपण्याआधी धुऊन, झाकण बसवून तयार ठेवावी.