खबर आधी की पैसा आधी?

शेअरबाजाराची ‘लाइव्ह’ खबर कधीकाळी पंख फडफडवत यायची. १८५० साली पॉल ज्युलियस रॉयटरने आखेन आणि ब्रुसेल्स या शहरांदरम्यान भाव पोचवायला चक्क कबुतरं ठेवली. दोन्ही बाजूंनी तारायंत्र आलं होतं, पण मधल्या सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यात तार नव्हती. रेल्वे तो टप्पा रमतगमत पार करी, कबुतर मात्र काही तास आधी पोचे. ज्याला भाव आधी कळे, तो आधी सौदा करी. पुढे तार जोडली गेली, कबुतरांचं काम संपलं. रॉयटर लंडनला गेला आणि त्याच्या नावाची वृत्तसंस्था आजही बाजाराच्या बातम्या देते.

सेकंदाला सात हजार

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात पहिल्यांदाच २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. भागाकार करून बघा: रात्र-दिवस धरून दर सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर! ‘पे’ दाबल्यापासून ‘यशस्वी’ दिसेपर्यंतच्या त्या क्षणात पिन बरोबर आहे का, खात्यात पुरेसे पैसे आहेत का, व्यवहार संशयास्पद तर नाही ना, हे सगळं बघून होतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याच महिन्यापासून आणखी एक नियम लावला. एका ॲपवरून दिवसात फार तर ५० वेळा शिल्लक बघता येते. शिल्लक बघण्याचाही यंत्रणेवर भार पडतो, आणि आपण ती किती वेळा बघतो ते आपल्यालाच ठाऊक!

एका मिनिटाचा बाजार

सोमवार, १८ मे २००९. शनिवारी लोकसभेचे निकाल लागले होते. बाजार उघडला आणि सेन्सेक्स असा उसळला की सर्किट ब्रेकरने सौदे थांबवले. दोन तासांनी पुन्हा उघडला, पुन्हा उसळला आणि दिवसभरासाठी बंद झाला. प्रत्यक्ष सौदे झाले जेमतेम मिनिटभर, सेन्सेक्स मात्र २११० अंशांनी वर! आकड्यांवर क्षणोक्षणी नजर ठेवणाऱ्या या व्यवस्थेचा मला सर्वांत आवडणारा गुण हाच: तिला वेळेवर थांबता येतं.

९७ ईमेल

थांबता आलं नाही तर काय होतं, ते १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू यॉर्कच्या बाजारात दिसलं. नाइट कॅपिटल ही शेअर दलालीतली बडी कंपनी. नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर टाकायचं होतं, पण सातवरच टाकलं गेलं. आठव्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेला जुना कोड जागा झाला आणि शेअर घेत-विकत सुटला. ग्राहकांच्या ऑर्डर होत्या २१२, सौदे झाले चाळीस लाखांच्या वर. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

खरी हळहळ पुढेच आहे. बाजार उघडण्याआधीच कंपनीच्या यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ईमेल धाडले होते आणि त्यांत त्याच जुन्या कोडचा उल्लेख होता. पण ते ईमेल धोक्याची घंटा म्हणून आखलेलेच नव्हते, त्यामुळे कुणी लगबग केली नाही. माहिती अगदी वेळेवर आली होती, तिच्यावर निर्णय घ्यायचं काम मात्र कुणाकडेच नव्हतं. डॅशबोर्डवर कोट्यवधी खर्च करणाऱ्या प्रत्येक बँकेत ही गोष्ट सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

१९३० लक्षात ठेवा

हे साल नाही, सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा फोन नंबर आहे. चोरलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही, तो भाड्याने घेतलेल्या खात्यांतून मिनिटांत पुढे सरकतो. तक्रार लवकर आली तर बँका वाटेतच रक्कम गोठवू शकतात. अशी ‘म्यूल’ खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ नावाची एआय प्रणालीही बनवली आहे. पण ती पळवाटा शोधत असली तरी तुमचा फोन तुम्हालाच करावा लागतो, आणि तोही ताबडतोब.

मंडईतला बोलका डबा

पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट दाखवून भाजीवाल्यांना फसवणारे निघाले, त्यावर उपाय ठरला साउंडबॉक्स. आत सिम कार्ड, बाहेर स्पीकर, आणि मराठीही बोलतो. संध्याकाळच्या गर्दीत मावशींचे हात कोथिंबिरीच्या पाण्याने ओले असतात, फोन पिशवीत असतो. डब्यातून रकमेचा आकडा ऐकू आला की त्या मान न वळवता जुडी पुढे करतात.