बेंगळुरूहून आलेले पत्र

रिटर्नमध्ये शेअरचा व्यवहार दाखवायचा राहून गेला, तर घाबरून न जाता काय कराल?

रिटर्न भरायची शेवटची तारीख जवळ आली की घरोघरी कपाटे उपसली जातात. फॉर्म १६ सापडतो, बँकेच्या व्याजाची बेरीज होते आणि एकदाचे रिटर्न भरून सगळे मोकळे होतात. या घाईत मुलीच्या प्रवेशासाठी मोडलेला म्युच्युअल फंड किंवा मार्चमध्ये विकलेले थोडेसे शेअर कोणाच्या लक्षात राहणार? मग काही महिन्यांनी बेंगळुरूहून ई-मेल येतो आणि घरच्या कर्त्या माणसाची झोप उडते.

बेंगळुरूहूनच का? कारण देशभरातील रिटर्नवर प्रक्रिया करणारे प्राप्तिकर खात्याचे केंद्र २००९ पासून तेथे आहे. पूर्वी कोल्हापूर-नागपूरची मंडळीदेखील निळ्या शाईने सही केलेली पोच टपालाने तिकडे पाठवून वाट पाहत बसत. आता ते काम आधार क्रमांकावरून मिनिटभरात होते.

सोय वाढली, तशी खात्याची नजरही. नोव्हेंबर २०२१ पासून प्रत्येक करदात्याचे 'वार्षिक माहिती विवरण' खात्याच्या संकेतस्थळावर दिसते. शेअरची विक्री, फंडाचे व्यवहार, लाभांश, व्याज हे सारे त्यात असते. आपण विसरलो तरी ते विसरत नाही!

गंमत म्हणजे, बऱ्याच जणांना आपण काही विकले आहे हेच ठाऊक नसते. एका योजनेतून दुसरीत पैसे वळवले, हातात दमडी आली नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने ती विक्रीच. तोट्यात विकले म्हणून गप्प बसणेही चुकीचे. मुदतीत रिटर्न भरून तोटा दाखवला, तर तो पुढील आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करता येतो. आणि पत्नीच्या नावे शेअर घेतले म्हणजे कर टळला, हा समज तर घरोघरी आढळतो. पैसे पतीने दिले असतील, तर त्यावरील नफा सहसा पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. अशा वेळी चूक पत्नीच्या नव्हे, पतीच्या रिटर्नमध्ये असते.

बेंगळुरू-पुण्याच्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांना परदेशी मूळ कंपनीचे शेअर मिळतात. ते विकले नसले तरी दाखवावे लागतात. २०२४ च्या अखेरीस खात्याने अशा लोकांना आठवण करून दिली, तेव्हा २४,६७८ जणांनी आपली रिटर्न पुन्हा तपासली.

चूक कळली की आधी वार्षिक विवरण आणि ब्रोकरकडील नफा-तोट्याचा तक्ता समोर घ्यावा. निघेल तो कर व्याजासह भरावा, मगच सुधारित रिटर्नला हात लावावा. त्यात केवळ राहिलेली ओळ लिहून भागत नाही, संपूर्ण रिटर्न नव्याने भरावे लागते. मूळ रिटर्नचा पोच क्रमांक लागतो आणि अनेकदा फॉर्मही बदलतो.

आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या रिटर्नसाठी ही संधी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. २०२६ च्या अर्थसंकल्पात ही मुदत, शुल्क घेऊन, ३१ मार्चपर्यंत वाढवण्याचा प्रस्ताव मांडला गेला. ती वेळही हुकली, तर २०२२ साली आलेले 'अद्ययावत रिटर्न' उरते. २०२५ मध्ये त्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली, पण उशीर महाग पडतो. कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षी ५०, पुढे ६० आणि ७०. शिवाय त्यातून परतावा मागता येत नाही. मात्र गप्प राहिलात आणि खात्यानेच चूक पकडली, तर चुकवलेल्या कराच्या निम्मा दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून लपवल्याचे ठरले तर दुप्पट.

सुधारित रिटर्न पाठवून झाले की कित्येक जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पडताळणी करायला विसरतात! त्यासाठी तीस दिवस मिळतात. ती झालीच नाही, तर ते रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते.